गाभाऱ्याबाहेरचा नेमू

नेमू,

आपल्या समाजाच्या मासिकाकडून एक छापील कागद आला आहे. वर "स्व." आणि पुढे रेघ. खाली जन्म, शिक्षण, व्यवसाय, धार्मिक कार्य, अशा रेघाच रेघा. तुझ्या दादांनी नाकावर चष्मा ठेवून पहिल्या तीन रेघा भरल्या. चौथीशी येऊन थांबले. टाक दौतीत बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच लिही वं. मरेपर्यंत तुह्यंच भांडण चालू होतं त्याच्यासंग."

तर बसले आहे लिहायला. त्यांच्या रेघांवर नाही, आपल्या नातीच्या, सुमनच्या वहीच्या मागच्या पानांवर. मासिकवाल्यांना छापायचं असेल तर सगळं छापावं. मधलं गाळायचं असेल तर वही परत पाठवावी, पोरीला गणितं करायला उपयोगी पडेल.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि माझा राग एका दिवसानंही जुना झालेला नाही. तिसऱ्या दिवशी वाशीमचे डॉक्टर भेटायला आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि दादांना म्हणाले, "त्यायले माहीत होतं. कार्तिकातच सांगितलं होतं मी, हृदय थकलं म्हणून. घरी सांगू नका म्हणाले." मी दाराआड उभी होते. कार्तिकापासून श्रावणापर्यंत, नेमू! नऊ महिने! त्या नऊ महिन्यांत मी तुला किती वेळा माळ्यावर चढवलं पापडाचे डबे काढायला. मधल्या पायरीवर बसलास की मी खालून ओरडायची, "चाळिशीतच म्हातारा झाला काय बे?" तू हसायचास. डबा हातात द्यायचास. आता तो डबा कुणाच्या डोक्यात घालू मी?

लपवायची तुझी खोड जुनीच. आणि ती लागली कुणामुळे, तेही मला ठाऊक आहे. सांगते.

मी तुझ्या दादांची बायको होऊन या घरात आले तेव्हा तेरा वर्षांची होते आणि तू रांगत होतास. सासूबाई तुझ्या बाळंतपणातून उठल्याच नव्हत्या. मामंजींनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, तुला उचलून माझ्या ओटीत ठेवलं आणि जिनात, आपल्या सरकी काढायच्या कारखान्यात, निघून गेले. तेरा वर्षांच्या पोरीला काय कळतं? तू रडायला लागलास की मी तुला जिनातल्या कापसाच्या ढिगात ठेवून पळून जायची. तू हातपाय मारून खोल खोल जायचास, आणि शेवटी कापूस वेचणाऱ्या बाया तुला पायाला धरून बाहेर काढायच्या. नाकात कापूस, कानात कापूस. आणि मी सगळ्यांना सांगायची, "पोरगं लय अवखळ हाय." पुढे तू विमानात बसलास तेव्हा दादा म्हणाले, "तुह्याच्यानंच झालं हे. ह्याले लहानपणापासून ढगात टाकत होती तू."

नाव तुझं नेमिनाथ. आम्हा जैनांच्या पोराटोरांनाही ती कथा माहीत असते: नेमिनाथ लग्नाला निघाले, वाटेत मेजवानीसाठी कोंडलेली जनावरं पाहिली आणि तिथूनच रथ वळवून वैराग्याला गेले. मामंजींनी हौसेनं ते नाव ठेवलं. आपण मुंगीला साखर घालणारी माणसं. पाणी गाळून पिणारी. दिवस मावळायच्या आत जेवणारी. त्या घरातला पोरगा विलायतेला गेला तो कापडाची यंत्रं शिकायला. तिथे लढाई लागली आणि आमच्या नेमिनाथानं रथ वळवला तो नेमका उलट्या बाजूला. इंग्रजांच्या आरमारात शिरला. जहाजावरून उडणाऱ्या लढाऊ विमानाचा वैमानिक झाला.

पत्र आलं त्या दिवशी मी गावभर जाहीर केलं, "नेमू परत येईपर्यंत म्या गूळ सोडला." बायांनी माझ्या पायाला हात लावले. साखर सोडली नव्हती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चहात साखर टाकून त्यागाचं पुण्य कमवत होते. मग लढाई लांबली, साखर रेशनवर गेली, मिळेनाशी झाली, आणि मी पाच वर्षं दोन्हीवाचून बसले. तुला नंतर हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की ठसका लागला. म्हणालास, "वैनी, ह्या लढाईत तुह्याइतकं कोणाचंच नुसकान नाई झालं."

आणि माझी पत्रं! तू ती सगळी जपून आणली होतीस, दोरीनं बांधून. परवा मी ती वाचली. वाचून कान धरावेसे वाटले, स्वतःचेच. पाच वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही की नेमू, भीती वाटते का? थंडी किती आहे? सोबतचा कुणी गेला का? एकच धोशा: दिवसा जेवतोस ना? कांदा खातोस का? तिथले लोक अंडी कशात कशात घालतात ते नीट विचारून घे. एकदा तू लिहिलंस, "वैनी, आम्ही आता फार उत्तरेला आहोत. इथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही. तूच सांग, जेवू केव्हा?" मी ते पत्र घेऊन मंदिरातल्या पंडितजींकडे गेले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निरोप दिला, "घड्याळ पाहा म्हणावं."

त्या पत्रांमध्ये मधेमधे काळं फासलेलं असायचं. सरकारचा माणूस पत्रं वाचून जहाजाचं, ठिकाणाचं काही लिहिलं असेल ते पुसून टाकायचा, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटायचं, तूच लिहून मग खोडलं आहेस. अंड्यांचं असणार! मी ते कागद उन्हात धरून, उलटे करून, दिव्यासमोर नेऊन वाचायचा प्रयत्न करायची. आज विचार करते, त्या काळ्याखाली काय होतं? जहाज बुडाल्याचं? मित्र गेल्याचं? आणि इकडे तुझी शहाणी वैनी त्यात अंडी शोधत होती.

तू परत आलास सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात. अकोल्याच्या मोटरीतून उतरलास. डाव्या हाताची कातडी तळलेल्या पापडासारखी, डावा कान अर्धा. गाव जमलं होतं. आणि मी ओवाळायचं ताट हातात घेऊन पहिला प्रश्न काय विचारला?

"खाल्ले का रे?"

तू म्हणालास, "काय?"

"अंडे."

तू चार लोकांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "हाव." बायांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी तुला कसं माफ केलं, किती मोठ्या मनानं, ते मी महिनाभर सांगत फिरले. हाताचं विचारायचं राहिलंच. ते तू आपणहून एका सकाळी सांगितलंस, तेही हाताचं नाही, उतरायचं. अंगणात वलणीची दोरी गुडघ्याइतकी खाली ताणलीस, विहिरीतली बादली काढायचा गळ आणलास, आणि गळ हातात धरून अंगणभर धावलास. "वैनी, हे जहाज. हालून राह्यलं. असं. विमानाच्या शेपटाखाली हा गळ. जहाजावर आडव्या तारा बांधल्या असतात. गळ तारेत अडकला तर मी थांबलो. नाई अडकला तर समोरून पाण्यात."

मी म्हणाले, "मंजे तुमी विमानानं बादल्या काढता."

त्यावर तू अंगणातच बसलास हसत. मला वाटलं, मी विनोदी आहे. तू का हसत होतास ते आता वाटतं की मला कळलं. पाच वर्षांनी कुणीतरी त्या गोष्टीला बादली म्हणालं होतं.

मग श्रावणात पदक आलं. डबीत चांदीचा क्रूस, सोबत इंग्रजीत कागद. दादांनी हौसेनं लोक बोलावले, पेढे आणले. शाळेतल्या हेडमास्तरांनी उभं राहून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. बर्फाच्या समुद्रात जहाजांचा तांडा चालला होता, वरून शत्रूची विमानं आली, तुझ्या विमानाला आग लागली तरी तू हटला नाहीस, तीन विमानं पाडलीस आणि पेटलेल्या विमानासकट जहाजावर परत उतरलास. टाळ्या पडल्या. दादांच्या डोळ्याला धार. आणि त्या टाळ्यांत पंचांतले मोठे, आपले फुलचंद काका, हळूच म्हणाले, "पाडले मंजे? आतले माणसं?"

तू पेढा हातात घेऊन उभा होतास. म्हणालास, "एकात दोन होते. एकात एक होता. तिसऱ्यात किती होते ते दिसलं नाई."

लोक एकेक करून उठले. पेढे बरेच उरले.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला तुझी दया आली नाही आणि त्या माणसांचीही आली नाही. मला वाटलं, माझी फसवणूक झाली. मी अंडी शोधत राहिले आणि ह्यानं माणसं लपवली. सगळ्या गावाला मी सांगितलं होतं की आमचा नेमू वरून नुसती राखण करतो. मेले मी बायांमध्ये. तेव्हा माझं वय एक्केचाळीस. अक्कल त्या तेराव्या वर्षाचीच.

पुढच्याच महिन्यात भाद्रपदाचं पर्व. दहा दिवस उपास, पूजा, आणि शेवटी क्षमावाणी. आपल्यातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात लहान मोठ्याला, मोठा लहानाला, सासू सुनेला हात जोडते, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागते, आणि समोरच्यानं ती द्यायची असते. नाही म्हणायची रीतच नाही. तू पुरुषांना हात जोडून बायांच्या बाजूला आलास. थेट माझ्यासमोर. जळलेला हात बऱ्या हाताला लावून म्हणालास, "उत्तम क्षमा, वैनी."

आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माह्याजवळ काय मागतं रे? ज्यायचे जीव घेतले, त्यायच्याजवळ जाऊन माग."

फुलचंद काका लांबून म्हणाले, "वा! बाई असावी तर अशी." आणि मला बरं वाटलं, नेमू. मान ताठ झाली. पदर सारखा केला.

तू म्हणालास, "वैनी, ते पाण्याखाली हायेत." हात जोडलेलेच होते. मग खाली घेतलेस आणि बाहेर गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू धोतर-दुपट्टा नेसून अभिषेकाला गेलास, तर फुलचंद काका गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे. "काही दिवस थांब, बेटा. घरच्या लोकायचंच मन साफ नाई तुह्यासाठी, तर देवाले कसं..." एवढंच. ठराव नाही, कागद नाही. काही दिवस. तू गाभाऱ्यासमोरच्या कठड्याबाहेर उभा राहिलास. ते काही दिवस अकरा वर्षं चालले. कुणी तुला अडवलं नाही आणि कुणी आत बोलावलंही नाही. अभिषेकाचं पाणी, गंधोदक, वाटीत घेऊन कुणीतरी बाहेर यायचं, तू दोन बोटं बुडवून कपाळाला लावायचास, मग त्या अर्ध्या कानाला. मी बायांच्या रांगेतून बघायची.

सत्तेचाळीसात तर आणखी मजा. स्वराज्य आलं आणि तेच लोक म्हणायला लागले, गोऱ्याच्या राजाचा शिपाई. मंदिरात हिंसक, बाजारात गोऱ्यांचा चाकर. तीन ठिकाणी तुझ्यासाठी मुली पाहिल्या, तिन्हीकडून एकच निरोप, नको. तू जिन सांभाळत राहिलास. यंत्र बिघडलं की अर्धा कान लावून ऐकायचास आणि नेमका खिळा सांगायचास.

पण दरवर्षी क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघराच्या दारात यायचास. हात जोडायचास. मी तवा न उतरवता म्हणायची, "क्षमा, क्षमा. बस, खाऊन घे." आणि मग आपलं भांडण. तेच, दरवर्षी.

मी म्हणायची, "एकडाव पंचायसमोर म्हण की चुकलं. प्रायश्चित्त घे. उपास कर चार. मिटलं."

तू म्हणायचास, "चुकलं कसं म्हणू वैनी? खाली जहाजावर नऊशे माणसं होते. मी नसतं केलं तर ते गेले असते. चुकलं म्हणालो तर ते बुडायले पाह्यजे होते असं होते."

"मंग बरोबर केलं म्हण!"

"तेही नाई म्हणवत. एकाचं तोंड दिसलं होतं मले. माह्याच वयाचा."

"मंग काय म्हणतं तू?"

"झालं, म्हणतो. माह्या हातानं झालं. दुःख हाय. पश्चात्ताप नाई."

मी पोळपाट आपटायची. "दुःख आन् पश्चात्ताप एकच अस्ते!"

"नाई वैनी."

"तू लय शिकलेला!"

"आन् तुले अक्षरं कोणं शिकवले?"

तूच शिकवलीस. सात वर्षांचा मास्तर आणि एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, तुझ्याच पाटीवर. तरी मी भांडण हरले असं कधी म्हणाले नाही. त्या दोन शब्दांतला फरक मला कळत नव्हता. आता कळतो. तू गेलास त्याचं मला दुःख आहे. त्या दिवशी मंडपात बोलले त्याचा पश्चात्ताप आहे. दोन्ही वेगळ्या जागी दुखतात, नेमू. तुझंच खरं होतं.

एक संधी आली होती, तीही सांगून टाकते. चार वर्षांमागे चातुर्मासाला मुनिमहाराज आले होते. त्यांना कुणी सांगितलं की त्यांनी आपणहून ओळखलं, देव जाणे. प्रवचनात म्हणाले, संकल्प करून मारणं वेगळं आणि दुसऱ्याच्या रक्षणात घडलेली हिंसा वेगळी. गृहस्थाला दुसरी चुकवता येत नाही, त्याला वाळीत टाकायचा अधिकार गृहस्थांना नाही. म्हणताना कठड्याकडे पाहत होते. पंचांनी माना डोलावल्या. फुलचंद काकांनी सगळ्यांत जास्त. दुसऱ्या सकाळी तू धुतलेलं धोतर नेसून आलास. मला ते दिसलं. तू कठड्याशी उभा राहिलास, वाट पाहत. काका पंचांकडे बघत होते, पंच काकांकडे, आणि थोडा वेळ सगळेच बायांच्या बाजूला, माझ्याकडे बघत होते. माझा शब्द होता तो. मी उठून नुसतं "ये रे आत" म्हटलं असतं तर तू आत गेला असतास. मी जपमाळ ओढत बसले. वाटलं, सात वर्षांनी शब्द फिरवला तर बाया हसतील. त्यानंतर तू साध्या कपड्यातच यायला लागलास.

त्याच वर्षी आपल्या देशाच्या आरमाराचं पत्र आलं होतं तुला, नव्या पोरांना शिकवायला कोचीनला ये म्हणून. मी म्हणाले, "जाय ना! अथी कोण विचारून राह्यलं तुले?" तू म्हणालास, "आपलं भांडण अर्धं हाय." मला वाटलं, टाळतो आहेस. मूर्खा, गेला असतास तर तिथे मोठे डॉक्टर होते.

आता परवाचं सांगते. तुझी शोकसभा झाली. धर्मशाळेत. टेबलावर तुझा तो आरमाराच्या वेषातला फोटो, चंदनाचा हार. फोटो आमच्याकडूनच नेला होता. पदकही मागितलं होतं, काचेच्या कपाटात ठेवायला. ते मी दिलं नाही. सापडत नाही म्हणाले. माझ्याच कमरेला चंचीत होतं.

फुलचंद काका आता ऐंशीचे. काठी टेकत उभे राहिले. "वीरपुरुष," म्हणाले. "समाजाचं भूषण. शत्रूचे तीन विमानं पाडले. आपल्या मंदिराचा नित्य दर्शनी. त्याचा फोटो धर्मशाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावाचं पंचायनं ठरवलं हाय, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसला पाह्यजे."

नित्य दर्शनी! मी उभी राहिले. बायांमधून शोकसभेत कुणी उभं राहत नाही. दादांनी मान वर करून पाहिलं.

"दर्शनी होता," मी म्हणाले. "पूजेचा नव्हता. काहून नव्हता, ते सांगा."

"बाई, शोकसभा हाय."

"म्हणूनच. अकरा वर्सं कठड्याबाहेर उभा होता तो. तीन विमानं तेव्हाही तेच होते. तुमी नाई सांगत तर मी सांगते. मी ह्याच लोकायसमोर त्याले क्षमा नाई देल्ली. क्षमावाणीच्या दिवशी! ज्या दिवशी दुश्मनाले देतात त्या दिवशी पोटच्यासारख्या पोराले नाई देल्ली. पाप लागते ते मले लागते. माह्या शब्दावरून दार बंद झालं. आज तो शब्द मी मांगं घेते. उशीर झाला हे मलेही समजते."

फुलचंद काका काठीकडे पाहायला लागले. मग म्हणाले, "तुमी एकट्यानं काय केलं, बाई. आमाले तर बहाणाच पाह्यजे होता." आवाज अगदी लहान झाला होता. मी त्यांच्यावर तुटून पडायला तयार होते आणि म्हाताऱ्यानं तेही करू दिलं नाही. पण लगेच दुसरे एक पंच उठले. "झालं गेलं. आता फोटो भिंतीवर लावू, मंजे मिटलं."

तेव्हा तुझे दादा उठले. तुला माहीत आहे ते. आयुष्यात पंचांसमोर मोठ्यानं बोललेले नाहीत. त्या अकरा वर्षांत रोज आत अभिषेक करून बाहेर यायचे आणि तुझ्यासोबत घरी चालत जायचे, एक शब्द न बोलता. त्याचाही राग आहे माझा, तो वेगळा काढून ठेवला आहे. ते उठले, टेबलापाशी गेले, फोटोवरचा हार काढून नीट घडी करून ठेवला आणि फोटो काखेत घेतला.

"शेट, काय करून राह्यले?"

"घरी नेऊन राह्यलो त्याले," दादा म्हणाले. "लय वर्सं बाहेर उभा राह्यला तो. आता अजून बाहेरच्या भिंतीवर नोको."

आणि निघाले. बाजारातून भर दुपारी, काखेत फोटो, काच उन्हात चमकत होती. मी मागून. सुमन माझा हात धरून. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "आजी, छोट्या आजोबानं माणसं मारले होते?"

कुणी मोठ्या माणसानं विचारलं असतं तर मी भांडले असते. तिला म्हणाले, "हाव. मारले. आन् लय वाचवले. दोनही एकाच दिवशी."

"मंग ते चांगले होते का?"

"तेच मले विचारत होते ते अकरा वर्सं," मी म्हणाले. "मी त्यायले भाकर वाढत होते."

धार्मिक कार्याची रेघ अजून कोरीच आहे. त्यावर मी काही लिहिणार नाही. त्यांनीच लिहावं, सह्यांसकट.

क्षमावाणीला अजून तीन आठवडे आहेत. दुसऱ्या दिवशी तू दारात येणार नाहीस, हे कळण्याइतकी अक्कल आता आली आहे. तेव्हा या वर्षी हात मीच जोडणार. आधी मंडपात, सगळ्यांसमोर, मग घरी. रीत अशी आहे की मागितली की द्यावी लागते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच देऊन मोकळा होशील आणि हसशील. तसं करू नकोस, नेमू. माझं ऐकून घे, आणि मला जरा बाहेर उभी ठेव.

तुझी वैनी